गॅस भरायच्या आधी जाळी धू

भावा, गाडीचा एसी गार करत नाही म्हणून घरीच गॅस भरायचा म्हणतोयस, तर गॅसचा कॅन आणायच्या आधी बॉनेट उघड. आपल्या सोलापुरात मे महिन्यात ४२-४३ डिग्रीत कुठलापण एसी रडतो, त्यात धूळ, म्हणून आधी पुढची कंडेन्सरची (एसीची गरमी बाहेर टाकतो तो) जाळी साध्या पाइपने धू, प्रेशर नको, पत्रे वाकतात. केबिन फिल्टरपण (गाडीत येणारी हवा गाळतो तो) काढून बघ, माझ्या गाडीत उंदराचा अख्खा संसार निघालेला आणि मी आपला गॅस गॅस करत बसलो होतो.

गॅस काय पेट्रोल नाही वापरून संपायला, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे. जॉइंटवर तेलकट काळी धूळ चिकटलीय का बघ. मग बॉनेटखालचा एसीचा स्टिकर वाच, त्यावर आर-१३४ए (गॅसचा प्रकार) असेल तरच तो कॅन आणि किती ग्रॅम तेपण तिथंच लिहिलेलं असतं.

भरताना फक्त जाड पाइपवरचा एल (लो, म्हणजे कमी प्रेशरचा) लिहिलेला पोर्ट, हाय साइडला (जास्त प्रेशरच्या पोर्टला) चुकूनपण लावू नको, कॅन फुटतो. चष्मा-हातमोजे घाल. इंजिन चालू, एसी फुल्ल, कॅन उभाच धर अन् थोडं थोडं सोड, जाड पाइप गार पडून त्यावर पाण्याचे थेंब दिसले की थांब. जास्त भरलं की उलट गरमच हवा येते. सिस्टीम पूर्ण रिकामी असेल तर मात्र गपचूप मेकॅनिककडे, आधी व्हॅक्यूम मारावा लागतो, म्हणजे पंपाने आतली हवा अन् ओल ओढून काढावी लागते.