वाचक विचारतात: जुनं वॉशिंग मशीन नक्की कधीचं?

प्रश्न (म्हापसा): घरात जुनं सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे. मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर वाचता येतो, सिरियल नंबर झिजलाय. कंपनीच्या पत्त्यात 'बॉम्बे ४००' एवढंच दिसतं. साल कसं काढायचं?

उत्तर: मॉडेल नंबरावरून साल ठरवू नका. एकच मॉडेल कंपन्या वर्षानुवर्षं काढतात. त्यातून मशीनची जात कळते, वय नाही. तारीख बहुधा सिरियल नंबरात असते, तेव्हा आधी तोच वाचायचा प्रयत्न करा. नंबर ठोकलेला असेल तर पट्टीवर पातळ कागद धरून शिसपेन आडवी घासा. छापलेला असेल तर खोलीत काळोख करून बॅटरीचा उजेड बाजूने तिरका टाका. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने ॲल्युमिनियमवर पांढरी पूड चढते. ती काढायला चिंच, लिंबू किंवा पॉलिश पेपर कृपा करून लावू नका, उरलेले आकडेही जातील. ओलसर मऊ फडक्याने टिपलं की पुरे.

पत्ताही कामाचा आहे. '४००' हे पिनकोडाचे पहिले तीन आकडे. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि बॉम्बेचं अधिकृत नाव मुंबई झालं १९९५ मध्ये. मशीन या दोहोंच्या मधलं; छापून ठेवलेल्या पट्ट्या संपेपर्यंत वापरल्या असतील तर एखाद-दोन वर्षं पुढचंही.

आता प्लग काढून मागचं झाकण उघडा. कपॅसिटरच्या (मोटरला जोडलेली, वीज साठवणारी डबी) टोकांना हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज राहू शकते. नुसतं वाचा. अंगावर '०४९१' असं असेल तर ते एप्रिल ९१ किंवा ९१ सालचा चौथा आठवडा; साल तेच. मग झाकणाची आतली बाजू आणि टबाचा तळ बघा. प्लास्टिकमध्ये घड्याळासारखा गोल ठसा सापडतो: कडेला १ ते १२, मधे बाण आणि सालाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्यावर, त्या महिन्यात तो भाग ओतला.

मूळ भागांतला सर्वांत अलीकडचा भाग ज्या सालचा, त्याआधी मशीन जुळवलेलं असूच शकत नाही. बाकी सगळं ९१ चं आणि मोटर तेवढी ९८ ची निघाली, तर मोटर बदललेली आहे. वायरींना टेपचे जोड आणि स्क्रूंची ओरबाडलेली डोकी तेच सांगतील.

प्रश्न (मडगाव): आजोबांनी नैरोबीहून आणलेलं हूवर कंपनीचं मशीन आहे, वर हाताने फिरवायचे पिळायचे रूळ. पट्टीवर ०३०७.

उत्तर: हा मॉडेल नंबर. हे मशीन वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यात १९४८ पासून निघू लागलं, म्हणजे तुमचं त्याआधीचं नाही. कपडे घुसळणारी चकती टबाच्या तळाला नसून बाजूच्या भिंतीत आहे ना, तेही पडताळा. वायर लाल-काळी-हिरवी असेल तर जुनी असू शकते. तपकिरी-निळी असेल तर ती १९७० च्या सुमारास किंवा नंतर बदललेली, तिच्यावरून मशीनचं वय काढू नका.

चालू करून बघायचा मोह मात्र आवरा. त्या काळचं वायरींचं रबरी आवरण बोट लावताच भुगा होतं. इलेक्ट्रिशियनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) तपासून घ्या. १ मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर प्लग लावायचा नाही.

प्रश्न (फोंडा): दम्मामहून आणलेलं एलजीचं सेमी-ऑटोमॅटिक. सिरियल नंबर ७०३ ने सुरू होतो.

उत्तर: पहिला आकडा सालाचा शेवटचा, पुढचे दोन महिन्याचे: मार्च २००७ किंवा मार्च २०१७. दशक ठरवायला वर सांगितलेला प्लास्टिकमधला ठसा बघा, तिथे ०७ की १७ ते दिसेल. आणि पट्टीवर ६० हर्ट्झ एवढंच लिहिलंय का, तेही वाचा. सौदीत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. तशी मोटर इथे जवळपास सहाव्या हिश्शाने हळू फिरते आणि जास्त तापते. स्टॅबिलायझरने ते सुधारत नाही, कारण तो फक्त व्होल्टेज सांभाळतो. ५० हर्ट्झची मोटर बसवणं हाच उपाय.