सकाळी बोटं उघडत नाहीत, नोकरी सोडू का?

प्रश्न: मी 36 वर्षांची आहे, डोंबिवलीला राहते आणि घाटकोपरला एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला आहे. गेले पाच महिने सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, मूठ वळत नाही, दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येत नाही, दहा वाजेपर्यंत जरा मोकळी होतात. पाय जमिनीवर टेकवले की खडे टोचल्यासारखं होतं. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या की बरं, सोडल्या की परत तेच. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले, आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या संधिवाताच्या रक्ताच्या दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आल्या, त्यांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलं, आठवड्यातून एकदा. पण मेडिकलवाला म्हणाला ही कॅन्सरची गोळी आहे. सासूबाई म्हणतात आंबट आणि वांगं-बटाटा बंद कर, जाईल आपोआप. पाकीट तीन आठवडे कपाटात पडून आहे. ऑफिसात कोणालाच सांगितलेलं नाही, मिस्टर म्हणतात नोकरी सोड. काय करू?

उत्तर: ताई, आधी ते पाकीट कपाटातून काढा आणि आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करा. गोळी सुरू करण्याआधीच्या टेस्ट, म्हणजे रक्तपेशींची सीबीसी, लिव्हर, किडनीचं क्रिएटिनिन, कावीळ बी आणि सी, छातीचा एक्सरे, हे झालं असेल तर अजून थांबू नका. मी इतकं घाईने लिहितेय कारण तुमचे पाच महिने ऑलरेडी गेलेत, आणि या आजारात हाडाची झीज सुरुवातीच्या एक-दोन वर्षांतच जास्त होते, एकदा बोटं वाकडी झाली की ती गोळीने सरळ होत नाहीत.

तुम्हाला झालाय तो आमवात, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वय झालं म्हणून गुडघे झिजतात ते वेगळं. इथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, म्हणून दोन्ही हातांना सारखंच होतं, म्हणून सकाळी तास-तासभर आखडतं आणि हालचाल सुरू झाली की सुटतं. की-बोर्डमुळे नाही हो झालेलं, तुमची काही चूक नाही. 1996 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या टीमने घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती, त्यात साधारण दर 200 मोठ्या माणसांत एकाला हा आजार निघाला. तुमच्या लेडीज डब्यातपण एखादी असेलच, ती पण कोणाला सांगत नसेल.

आता कॅन्सरच्या गोळीचं. औषध तेच, पण डोसमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅन्सरला ते शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅममध्ये देतात, आमवाताला आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. या आजारात सगळ्यात आधी हेच औषध देतात आणि जगभर लाखो लोक ते वर्षानुवर्षं घेतात. खरी भीती वेगळीच आहे, चुकून रोज घेतली जाण्याची. रोज घेतली तर तोंड येतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, जिवावर बेततं. म्हणून पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, "फक्त शनिवार", आणि घरच्यांनापण दाखवा. शनिवार रात्र अशासाठी की दुसऱ्या दिवशी मळमळलं, गळून गेल्यासारखं झालं तर रविवार हाताशी असतो. फॉलिक ॲसिड सांगितलं असेल त्या दिवशी न चुकता, त्याने त्रास बराच कमी होतो. गोळीचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर डॉक्टर थोडे दिवस कमी डोसचं स्टिरॉइड देतात कधीकधी, त्याला घाबरू नका, मात्र गावाकडून कोणी बिनलेबलची पुडी आणली तर ती अजिबात घेऊ नका, त्यात बरेचदा स्टिरॉइडच असतं आणि किती ते कोणालाच माहीत नसतं. सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी आणि नंतर तीन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ताप आला, खोकला हटेना, तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करायचा. आणि मूल हवं असेल तर आधीच सांगायचं, हे औषध गरोदरपणात चालत नाही, काही महिने आधी बंद करून दुसरं सुरू करता येतं.

दुखण्याची गोळी दुखणं दाबते, झीज थांबवत नाही. हा फरक कळला नाही म्हणून कितीतरी बायका दहा-दहा वर्षं नुसत्या पेनकिलरवर काढतात आणि मग किडनीचा रिपोर्ट आणि वाकडी बोटं दोन्ही एकदमच घेऊन येतात, मला ते बघवत नाही.

सासूबाईंना सांगा, लिंबू, ताक, आमसूल, वांगं याने आमवात होत नाही आणि ते सोडून जातही नाही. तुम्हाला एखादा पदार्थ खरंच सोसत नसेल तर तेवढाच सोडा, उगाच ताट रिकामं करू नका, या आजारात रक्त आधीच कमी होतं.

नोकरी सोडू नका, निदान आत्ता नाही. औषध लागू पडलं की हेच हात काम करणार आहेत. पण ऑफिसात सांगा. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि तीन-चार महिने एक तास उशिरा यायची परवानगी मागा, सकाळचा तासच तुमचा वाईट असतो. उठल्यावर कोमट पाण्याच्या टोपात दहा मिनिटं हात बुडवून बोटं हळूहळू उघड-मीट करा. लोकलमध्ये वरची कडी बोटांनी धरून लोंबकळू नका, खांबाला कोपराचा वेढा घाला. पर्स बोटांत नको, खांद्यावरून आडवी. कढई दोन्ही तळव्यांवर उचला, फडकं पिळायचं असेल तर नळाला गुंडाळून पिळा, आणि कणीक काही दिवस मिस्टर मळतील, नोकरी सोड म्हणण्यापेक्षा ती जास्त उपयोगाची मदत आहे.

प्रश्न: वय 29, हिंजवडीला आयटीत आहे. दोन वर्षं कंबर दुखते, पहाटे तीन-चारला जाग येते, उठून फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. स्लिप डिस्क असेल म्हणून बेड रेस्ट आणि बेल्ट सांगितला, त्याने अजूनच आखडतो. एक्सरे नॉर्मल आहे.

उत्तर: तुम्ही स्वतःच उत्तर लिहिलंय बघा. डिस्कचं दुखणं पडून राहिलं की बहुतेक वेळा कमी होतं आणि वाकलं की वाढतं, तुमचं उलट आहे, आरामाने वाढतं आणि चालून सुटतं. चाळिशीच्या आतल्या माणसाला असं असेल तर अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसची, म्हणजे कण्याच्या संधिवाताची शंका घ्यायलाच पाहिजे. एक्सरे पहिली काही वर्षं नॉर्मल येऊ शकतो, म्हणून कण्याच्या खाली, माकडहाडाच्या जरा वर, दोन्ही बाजूंना जे सांधे असतात त्यांचा एमआरआय लागतो. एचएलए बी 27 ही रक्ताची टेस्टपण करतील, पण ती चांगल्या धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येते, नुसती तीच बघून घाबरू नका. हाडांच्या डॉक्टरांकडे दोन वर्षं झाली, आता संधिवाततज्ज्ञ गाठा. गंमत म्हणजे वरच्या ताईंना मी पेनकिलरवर राहू नका म्हटलं, तुमच्या आजारात मात्र नियमित पेनकिलर हाच पहिला उपचार असतो, अर्थात डॉक्टर सांगतील तीच आणि तितकीच.

तोपर्यंत रोज पंधरा मिनिटं पालथं झोपा, उशी पातळ घ्या, जमत असेल तर पोहायला जा, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठा. आणि एक डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून ड्रॉप आणून टाकत बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि कंबरेचंपण त्यांना सांगा.