अँटिबॉडी होत्या, तरी गाय का वाचली नाही?

पत्र: मी संगमनेर तालुक्यातली, बारावी सायन्सला आहे. आमची एचएफ (होल्स्टीन) गाय दुसऱ्या वेतानंतर खंगत गेली. चारा खायची, ताप नव्हता, पण हगवण थांबेना. डॉक्टरांनी जोन्सचा (आतड्याचा जुनाट, जिवाणूमुळे होणारा रोग) संशय घेऊन रक्त तपासायला पाठवलं, तर अँटिबॉडी भरपूर निघाल्या. तरी ती गेली. असं का होतं, यावर मला संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, संशोधनच करायचं तर नीटच्या मागे न लागता पुण्यात बीएससी बायोटेक कर. काय करू?

उत्तर: बाबांचं अगदीच चूक नाही, पण या विषयासाठी मी तुला बीव्हीएससीच, म्हणजे पशुवैद्यकाची पदवीच, सांगेन. कारण तुझ्या प्रश्नातच आहे.

जोन्सचा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद. वासरू लहान असतानाच शेणाने माखलेल्या सडांवरून, चिकातून तो पोटात जातो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरतो आणि ज्या मॅक्रोफेज पेशींनी त्याला गिळून संपवायचं, त्यांच्याच आत मुक्काम ठोकतो. तिथे अँटिबॉडी पोचत नाहीत. कामाला येतात त्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या पेशी. त्या इंटरफेरॉन गॅमा नावाचं संदेश देणारं प्रथिन सोडून मॅक्रोफेजला मारक बनवतात. हा बंदोबस्त बऱ्याचदा काही वर्षं टिकतो. मग तो ढिला पडतो, जिवाणू वाढतात, आतड्याचं अस्तर जाड होतं, प्रथिनं शेणावाटे निघून जातात, आणि साधारण त्याच सुमारास रक्तात अँटिबॉडी चढतात. तुमच्या गाईच्या रिपोर्टमधल्या अँटिबॉडी रोग किती पुढे गेलाय तेवढंच सांगत होत्या.

बंदोबस्त ढिला का पडतो, हे अजून नीट उलगडलेलं नाही. ‘टीएच-१ जाऊन टीएच-२ आलं’ (म्हणजे पेशींच्या आतल्या जिवाणूशी लढणारा टी पेशींचा प्रतिसाद जाऊन अँटिबॉडी वाढवणारा आला) असं एका ओळीतलं उत्तर तुला वाचायला मिळेल, त्यावर थांबू नकोस. काही गाईंत दोन्ही प्रतिसाद एकदम दिसतात, आणि रक्तात जे दिसतं ते आतड्यात असेलच असं नाही. शिवाय वासरांच्या रक्तात गॅमा-डेल्टा नावाच्या वेगळ्या प्रकारच्या टी पेशी माणसापेक्षा किंवा उंदरापेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून उंदरावरचा निष्कर्ष गाईला जसाच्या तसा लावता येत नाही. लक्षणं दिसायला बहुधा 2 ते 5 वर्षं जातात, शेणातून जिवाणू वाढवून बघायलाही काही महिने. असा रोग समजायला गोठ्यात वावर हवा, आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली वाचता यायला हवा. ते पशुवैद्यक शाखेत शिकवतात. (खांद्यापर्यंत हातमोजा चढवून शेणाचे नमुने काढायची तयारी मात्र ठेव!)

मार्ग असा. नीटच्या गुणांवर माफसूच्या (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या) महाविद्यालयांत प्रवेश मिळतो: परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पुढे एमव्हीएससीला (पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीला) सूक्ष्मजीवशास्त्र, विकृतिशास्त्र किंवा इम्युनोलॉजी (प्रतिकारशक्तीचं शास्त्र) घे. बरेलीजवळची इज्जतनगरची आयव्हीआरआय (भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था) त्यासाठी उत्तम. मथुरेजवळ मखदूमच्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने जोन्सवर देशी लस तयार केली आहे. आपल्याकडे बाधित गाय कळपातून काढून टाकणं कायद्याने आणि भावनेने अवघड, त्यामुळे लसीचं काम इथे फार मोलाचं. परदेशात जायचं झालं तर अमेरिकेत आयोवातल्या एम्स गावी सरकारी पशुरोग केंद्र आहे, तिथे जोन्सवर वर्षानुवर्षं काम चालू आहे.

बाबांना एक हिशेब सांग. संशोधनात मन रमलं नाही, तर बीव्हीएससीवर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होता येतं, स्वतःची प्रॅक्टिसही करता येते. बायोटेकच्या पदवीवर यातलं काही जमत नाही.

नीटमध्ये एकदा कमी पडलीस तर फार तर एक वर्ष पुन्हा दे, त्याहून जास्त नको. मग बीएससी मायक्रोबायोलॉजी घे, एमएससीनंतर नेटची परीक्षा दे आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेत पीएचडीला अर्ज कर. तिथे पशुवैद्यक नसलेलेही काम करतात. फक्त पीएचडीच्या आधी एखाद्या पशुवैद्यकासोबत दोन-तीन महिने गोठे फिरून घे.

आणि त्या गाईची कालवड घरात असेल तर तिचे शेण-मूत बाकी वासरांपासून लांब ठेवा. इतक्या लहान वयात तपासणी निगेटिव्ह आली तरी तिच्यावर विसंबू नका. पुन्हा कधी तपासायचं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.