घरी राईट केलेल्या डिस्क आधी, विकतच्या नंतर

गिरगावातून मुलुंडला सामान हलवताना तुमच्याकडे दोन खोकी भरून डिस्क निघाल्या. त्यातली ऱ्हिदम हाउसमधून घेतलेली नाट्यसंगीताची जुनी सीडी खणखणीत वाजते, आणि तिच्या कितीतरी नंतर राईट केलेली, पूर्वी चालणारी बारशाची डीव्हीडी मात्र प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणून बाहेर टाकतो. हे उलटं कसं आणि आधी कुठल्या डिस्क कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, असा तुमचा प्रश्न. ‘ब्लँक, म्हणजे राईट करायला घेतलेल्या कोऱ्या डिस्क, हलक्या प्रतीच्या असतील’ हे उत्तर मला अर्धवट वाटतं. दिसायला सारख्या असल्या तरी या दोन मुळात वेगळ्या वस्तू आहेत.

कारखान्यातली सीडी अक्षरशः छापलेली असते. काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा तयार होतो, त्यावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबलं जातं आणि सगळी माहिती सूक्ष्म खळग्यांच्या रूपात प्लास्टिकमध्येच उमटते. मग अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, वर लॅकर म्हणजे संरक्षक लेप, त्यावर छपाई. ब्लँक सीडीत खळगे नसतात. नुसती एक गोल गोल फिरत जाणारी खाच, तिच्यावर डायचा म्हणजे रंगाचा थर आणि त्यावर बहुधा चांदी. रायटरचा लेसर हा डाय ठिकठिकाणी भाजतो. तिथून प्रकाश कमी परततो आणि प्लेअर त्यालाच खळगा समजतो. अडचण अशी की रंग तो रंगच. खिडकीतल्या उन्हाने, माळ्यावरच्या उकाड्याने तो बदलत राहतो, भाजलेल्या आणि न भाजलेल्या जागेतला फरक पुसट होत जातो. छापील डिस्कमधले खळगे असे विटत नाहीत. तिथे धोका अ‍ॅल्युमिनियमला: लॅकर सच्छिद्र किंवा कडेला उघडं राहिलं तर आपल्या दमट हवेत ते गंजतं. (आरडब्ल्यूचं, म्हणजे पुसून पुन्हा राईट करता येणाऱ्या डिस्कचं, तिसरंच. तिच्यात डाय नाही, धातूंचं मिश्रण असतं. पण ती प्रकाश इतका कमी परतवते की बरेच जुने प्लेअर नवी करकरीत डिस्कसुद्धा वाचत नाहीत.)

आता ओळखायच्या कशा? वरची छपाई बघून ठरवू नका. भजनी मंडळं, लहान नाट्यसंस्था यांच्या विकतच्या सीडीही अनेकदा राईट केलेल्याच असायच्या, कारण शंभर-दोनशे प्रतींसाठी साचा बनवणं परवडत नाही. डिस्क उलटी करून ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. छापील सीडी पांढरट चंदेरी दिसते. ब्लँकला हिरवट, निळसर किंवा फिकट सोनेरी झाक असते, राईट केलेल्या डीव्हीडीला जांभळट. मात्र सोनेरी दिसली की घरची, असं धरून चालू नका, ८.५ जीबीच्या छापील डीव्हीडीही पिवळसर दिसतात. मजकूर संपतो तिथे दिसणारी गोल रेघही दोन्हींत असते. मधल्या भोकाजवळच्या कड्यावर कव्हरवरचाच कॅटलॉग नंबर कोरलेला असेल तर डिस्क छापील असण्याचा चांगला पुरावा. नुसता कुठला तरी नंबर असून भागत नाही, तो ब्लँकवरही असतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून इमेजबर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये बघा. ब्लँक सीडीच्या खाचेतच ती कुठल्या जातीची, याची माहिती भरलेली असते आणि राईट केल्यावरही ती वाचता येते. छापील सीडीत ती नसतेच.

वाजते म्हणजे धडधाकट आहे, असंही नाही. गाण्यांच्या सीडीत न वाचलेला तुकडा प्लेअर आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजाने भरतो, त्यामुळे बरीच पडझड होईपर्यंत कानाला पत्ता लागत नाही. फोटोंच्या फाइलला ही सवलत नाही.

पुसायचीच असेल तर मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही. खाचेला आडवा, मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो. सीडीत सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचं नुकसान भरून निघू शकतं. पण खाचेच्या दिशेने गेलेला ओरखडा त्याहून सहज लांब होतो. आणि सीडीची खरी नाजूक बाजू वरची. माहितीचा थर लॅकरच्या लगेच खाली असतो, म्हणून लग्नाच्या सीडीवर फोटोवाल्याने चिकटवलेला गोल स्टिकर अजिबात उपटू नका, चंदेरी थर सोबत निघून येईल. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, ती वरून तरी सुरक्षित.

तेव्हा उतरवायला आधी राईट केलेल्या घ्या, त्यातही माळ्यावर पडलेल्या पहिल्या. बारशाची डीव्हीडी एका ड्राइव्हने नाकारली म्हणून कचऱ्यात टाकू नका. ड्राइव्हगणिक वाचायची ताकद वेगळी असते. वेगवेगळ्या मेकचे दोन-तीन ड्राइव्ह मागून आणून बघा. डिस्क ओळखली गेली की फाइली ओढत बसण्यापेक्षा डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने अख्खी इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची एका फाइलमध्ये हुबेहूब प्रत, काढा. तो चांगला भाग आधी उचलतो, अडलेल्या जागांवर नंतर परत येतो, आणि तीच इमेज दुसऱ्या ड्राइव्हवर पुढे चालू ठेवता येते. प्रती दोन हार्ड डिस्कवर ठेवा. पुन्हा ब्लँकवर राईट करायच्या फंदात मी तरी पडणार नाही.

नाट्यसंगीत सवडीने उतरवलं तरी चालेल. फक्त प्रत्येक सीडी एकदा ट्यूबलाइटसमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली किंवा कडेने तपकिरी छटा चढलेली दिसली तर तिला रांगेत पुढे घ्या.

राहिल्या त्या कॅमेऱ्यातल्या ८ सेंटिमीटरच्या चिमुकल्या डीव्हीडी. त्या रिकाम्या दिसतात म्हणालात, तर शूटिंगनंतर फायनलाइज करायच्या, म्हणजे इतर प्लेअरना वाचता येतील अशा पूर्ण करून बंद करायच्या, राहून गेल्या असण्याची शक्यता मोठी. तो कॅमेरा चालू असेल तर त्याच्याच मेन्यूतून फायनलाइज करा, पण त्याआधी डीडीरेस्क्यूने जेवढं निघतं तेवढं काढून ठेवा. आणि लॅपटॉपला ट्रे नसून नुसती फट असेल, तर त्यात ही छोटी डिस्क सरकवू नका, आत अडकते.