वकील बदलायचा आहे, पण फाईल देत नाहीत

प्रश्न : मी लग्नानंतर पिंपरीला राहते. माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा मिळावा म्हणून भाऊ आणि दोन चुलत्यांविरुद्ध २०२१ मध्ये तासगावच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला. वकीलसाहेब सुरुवातीला नीट बोलायचे. आता फोन उचलत नाहीत, उचललाच तर "पुढची तारीख पडली" एवढंच सांगतात. दोन महिन्यांपूर्वी धाकटे चुलते वारले, तेही त्यांना कळवलं. दुसरे वकील पाहिले, तर ते म्हणतात आधीच्यांची एनओसी आणा. आधीचे म्हणतात, राहिलेले पंचवीस हजार द्या, मगच एनओसी आणि फाईल. शिवाय निकाल लागला की माझ्या हिश्श्यातले चार गुंठे त्यांना द्यायचे, असं तोंडी ठरलं होतं. ग्राहक मंचात तक्रार करू का?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. चुलते वारले. दाव्यातला पक्षकार मयत झाला की त्याचे वारस रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत द्यावा लागतो. नाही दिला तर त्यांच्यापुरता दावा ॲबेट होतो, म्हणजे आपोआप संपतो. मग ते ॲबेट होणं रद्द करून घ्यायला आणखी ६० दिवस मिळतात, आणि तेही गेले की विलंबाचं कारण कोर्टाला पटवून देत बसावं लागतं. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार समोर असावाच लागतो, त्यामुळे एका चुलत्यापायी अख्खा दावा धोक्यात येऊ शकतो. म्हणून तुम्हाला आधी फोन करून हे सांगितलं. इथे लिहिते आहे ते याच वाटेवरच्या इतर वाचकांसाठी. मृत्यूचा दाखला आणि चुलत्यांच्या वारसांची नावं-पत्ते आजच गोळा करा. वकिलांवर कितीही राग असला तरी हा अर्ज थांबता कामा नये. जुने देवोत की नवे.

आता वकिलांविषयी. ते काम करतात की नाही, हे फोनवरून ठरवू नका. मोबाईलवर ईकोर्ट्सचं ॲप घ्या. तुमच्या दाव्याचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर टाका; तो नसेल तर पक्षकाराच्या नावानंही शोधता येतं. प्रत्येक तारखेला काय झालं ते उघडून बघा. तिथे अपुरं दिसलं तर कोर्टातून रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीची, नक्कल काढा. मी इतकी वर्षं दिवाणी कोर्टात काम केलं आहे, आणि वकिलाचं गाऱ्हाणं घेऊन कोणी आलं की आधी रोजनामाच वाचायला घेते. न्यायाधीश रजेवर होते, प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज आला, असं ओळीनं दिसलं तर दोष तुमच्या वकिलांचा नाही. वाटपाचे दावे आपल्याकडे फार रखडतात, हे मला मान्य करावंच लागेल. पण "वादी व वादीचे वकील गैरहजर" असं पुन्हा पुन्हा दिसलं, तर वकील बदलण्यात एक तारीखही दवडू नका. प्रतिवादीच्या वकिलांनी चुलत्यांच्या मृत्यूची पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी माहिती, दिली आहे का, तेही त्यातच कळेल.

फाईल मात्र त्यांना अडवता येत नाही. भोपाळच्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं ९७,१०० रुपये फी थकली म्हणून बँकेच्या फायली ठेवून घेतल्या होत्या. सन २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की फीसाठी पक्षकाराचे कागद ओलीस ठेवता येणार नाहीत, फी वसुलीचे मार्ग वेगळे आहेत. त्या वकिलाला ताकीदही मिळाली. तेव्हा स्पीड पोस्टानं एक साधं पत्र पाठवा : वकीलपत्र काढून घेत आहे, अमुक दिवसांत सर्व कागद परत द्यावेत. पोच जपून ठेवा. एनओसी म्हणजे जुन्या वकिलांची संमती. नव्या वकिलांनी ती घ्यावी असा बार कौन्सिलचा नियम आहे, पण तिच्यावाचून अडत नाही. ती मिळालीच नाही तर तुमच्या सहीचा लेखी अर्ज, त्या पत्राची पोच आणि नव्या वकिलांचं वकीलपत्र कोर्टात द्या. कोर्टाच्या परवानगीनं जुनं वकीलपत्र संपतं. दरम्यान दाव्याच्या कागदांच्या नकला कोर्टातून मिळतातच. पंचवीस हजारांपैकी जे काम खरोखर झालं आहे, त्याचे पैसे मात्र द्या. बँकेतून द्या, पावती मागा.

चार गुंठ्यांचं वाचून मला फार वाईट वाटलं. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा मागणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला बंद आहे. असा करार कोर्टात टिकत नाही. त्यावर कशावरही सही करू नका, आणि "शब्द दिला होता" म्हणून मनाला लावूनही घेऊ नका.

ग्राहक आयोगाचा रस्ता मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंद केला. वकिलांची सेवा त्या कायद्याखाली येत नाही. तक्रार करायची ती मुंबईत, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. तालुक्याची वकील संघटना ती वेगळी. तिच्या अध्यक्षांना भेटा, पुष्कळदा फाईल तिथेच हातात पडते, पण सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, हात लावायचा अधिकार संघटनेला नाही. बार कौन्सिलची शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, सनद निलंबित करू शकते, पटावरून नावही काढू शकते. एका वर्षात निर्णय झाला नाही तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. तिथे रोजनाम्याच्या नकला, पत्राची पोच, पैसे दिल्याचा पुरावा हेच बोलतं. दावा हरले एवढ्यावर तिथे जाऊ नये.

पैशांची ओढाताण असेल म्हणून एक सांगते. महिलेला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. सांगलीला जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे; तिथे किंवा तासगावच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. दिलेले वकील लक्ष देत नसतील तर प्राधिकरणाकडेच अर्ज करून दुसरे मागता येतात.