पिशवी आईने का टाकली?

नमस्कार भाऊ,

पारोळ्याहून तुमचं पत्र मिळालं. लेक बारावी सायन्सला आहे, चित्रं सुरेख काढते, म्हणून तिला प्रॉडक्ट डिझाईनला, म्हणजे रोज वापरायच्या वस्तू घडवण्याच्या शिक्षणाला, घालावं का, असं तुम्ही विचारता. शेवटी जरा खट्टू होऊन लिहिलंय, की तिने आईसाठी कापूस वेचायला पाठीवरची पिशवी शिवली, आईने ती एक दिवस वापरली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कमरेला ओटी बांधली.

खरं सांगू? मला चित्रांपेक्षा या पिशवीतच जास्त रस वाटला.

पिशवी का टाकली, हे लेकीने आईला विचारलं का? नुसतं विचारून भागायचं नाही. आई 'बरी होती गं' म्हणून मोकळी होईल. वेचणीच्या दिवसांत लेकीला एक अख्खी सकाळ शेतात बसू द्या. मूठ भरली की आईचा हात कुठे जातो, ते तिने बघावं. ओटी पोटाशी असते, हात न बघता तिथे पोचतो. पाठीवर टाकायचं तर दर मुठीला हात मागे वळवायचा. वेचणाऱ्या बायांना मजुरी किलोवर मिळते, एवढा वेळ कोण घालवेल? माझा हा अंदाज चुकतही असेल, शेतात बसल्यावर कळेल. बायांशी मात्र तिने अहिराणीतच बोलावं.

जयपूर फूट या कृत्रिम पायाचं असंच आहे. आधीचे कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीत बसणाऱ्यांसाठी होते. आपला माणूस अनवाणी चालतो, उकिडवा बसतो, मांडी घालतो. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते ध्यानात घेऊन पाय घडवला.

आता प्रवेशाचं. डिझाईनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीला चालते. अर्ज साधारण ऑक्टोबरात, पेपर जानेवारीत. त्यात चित्रकलेचा भाग असतो, पण मोठा भाग निरीक्षण आणि तर्काचा. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाईन संस्थेची) परीक्षा वेगळी, दोन टप्प्यांची. दोन्हीकडे जागा थोड्या, म्हणून इंजिनीअरिंगचे फॉर्मही भरा. पदवीनंतर सीड ही प्रवेश परीक्षा देऊन एम.डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाता येतं. भरमसाट फी घेणाऱ्या खासगी कॉलेजात मात्र घाईने पैसे भरू नका. आधी तिथल्या मुलांनी काय बनवलं आणि ते कोण वापरतं, एवढं विचारून या.

ती पिशवी फेकली नसेल ना? दुसरी शिवताना समोर असू द्या.