पत्नीचे सिबिल खराब असताना घरकर्ज: अर्जातून नाव वगळावे का?

घरकर्जाच्या तयारीत असलेली जोडपी माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा पुष्कळांची शंका एकच असते: दोघांपैकी एकाचे सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणारा गुणांक, खराब असेल तर कर्ज मिळेल का? या शंकेचे तांत्रिक उत्तर फारसे अवघड नाही. लग्नामुळे पती-पत्नीच्या पतनोंदी एक होत नाहीत. प्रत्येकाची नोंद वेगळी असते आणि ३०० ते ९०० या पट्टीवरचा गुणांकही वेगळा. किमान किती गुणांक हवा हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेले नाही, ते प्रत्येक बँक आपल्या धोरणानुसार ठरवते. साधारणपणे ७५० च्या पुढे असलेल्यांना या कारणाने अडचण येत नाही. त्यामुळे ज्याचा गुणांक चांगला आहे आणि उत्पन्न पुरेसे आहे त्याने एकट्याने अर्ज केला तर कर्ज मिळू शकते. एवढे सांगून कर्ज मिळवून देणारा एजंट मोकळा होतो. या सल्ल्यातून घरात काय घडू शकते, हे सोलापुरातल्या एका जोडप्याच्या प्रकरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पती चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कायम नोकरीला असून कपाती जाऊन त्यांच्या हातात महिन्याला ४६,००० रुपये पडत होते आणि त्यांचा गुणांक उत्तम होता. पत्नी घरीच मशीनवर शाळेचे गणवेश शिवत असे. गणवेशाच्या धंद्यासाठी सोलापूर सगळीकडे ओळखले जाते, पण घरबसल्या शिवणाऱ्या बायकांची मजुरी बहुधा रोखीने मिळते आणि बँकेला दाखवता येईल असा कागद हातात राहत नाही. जुळे सोलापुरात २८ लाखांची तयार सदनिका त्यांना पसंत पडली होती. खरेदीखताचा खर्च आणि पदरचे चार लाख यांची सोय झाली होती. उरलेल्या २४ लाखांचे कर्ज हवे होते.

"मॅडम, सगळं जमून आलंय, हिच्या सिबिलनं घोटाळा केला," पती म्हणाले. "एजंट म्हणतो, वहिनींचं नाव काढा, आठ दिवसांत मंजूर करून देतो."

पत्नीचे म्हणणे होते, "माझं नाव नसलं तरी चालेल. घर झालं म्हणजे झालं."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की त्यावर आता लगेच विश्वास ठेवत नाही. नाव नक्की कुठून निघणार आहे हे त्यांना कोणी सांगितले आहे का, असे मी विचारले. तसे कोणीच सांगितले नव्हते. कर्जात सहकर्जदार असलेली व्यक्ती घराची मालक असलीच पाहिजे असे नाही, परंतु जी व्यक्ती सहमालक आहे तिला बँका सहसा सहकर्जदार करून घेतातच, कारण तिच्या सहीशिवाय घर पूर्णपणे तारण ठेवून घेता येत नाही. म्हणजे अर्जातून नाव काढणे याचा व्यवहारातला अर्थ खरेदीखतातून नाव काढणे असाच होतो. पतीलाही हे ठाऊक नव्हते, आणि ऐकल्यावर ते जरा अस्वस्थ झाले, ही मला चांगली खूण वाटली.

अर्जाचा विचार बाजूला ठेवून आधी पत्नीच्या पतनोंदीचा पूर्ण अहवाल मागवू, असे मी सुचवले. देशात अशा नोंदी ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत, सिबिल ही त्यांपैकीच एक, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुणांक घटत नाही. एजंटने एकाच वेळी चार बँकांकडे अर्ज टाकले तर मात्र त्या प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि गुणांक खाली येऊ शकतो.

अहवालात तीन खाती निघाली. शिवणयंत्राचे कर्ज वेळेवर फेडून बंद झालेले होते. दुसरे मायक्रोफायनान्सचे ४०,००० रुपयांचे गटकर्ज होते. त्यात १४,६०० रुपये थकीत होते आणि कंपनीने ते राइट-ऑफ केलेले होते, म्हणजे बुडीत धरून हिशेबातून काढले होते. तिसरे कर्ज पत्नीला ओळखूच येईना.

गटकर्ज २०२० च्या सुरुवातीचे होते. टाळेबंदीत रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातल्या हप्त्यांना स्थगिती देण्याची मुभा दिली होती. व्याज मात्र चालूच राहिले. गटातल्या काही बायकांनी स्थगिती म्हणजे माफी असे समजून घेतले, पुढे गट मोडला, वसुलीला येणारा माणूस बदलला आणि हप्ते राहिले ते राहिलेच. हे पैसे कशासाठी घेतले होते, असे मी विचारले, तेव्हा उत्तर पतीनेच दिले: त्यांच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी. विडी कामगारांच्या आणि यंत्रमाग कामगारांच्या वस्त्यांत हे नेहमी दिसते. गटकर्ज बहुतेक वेळा बाईच्या नावावर मिळते, पैसा घरच्या गरजेला लागतो, आणि थकबाकीची नोंद सही करणारीच्या नावावर वर्षानुवर्षे बसते. पती त्यानंतरही बोलता बोलता "हिचं सिबिल" असेच म्हणत राहिले, पण ती थकबाकी आपणच भरायची हे त्यांनी त्याच बैठकीत मान्य केले.

कंपनीने ८,००० रुपयांत तडजोड करण्याची तयारी दाखवली होती आणि तेवढ्यावर मिटवावे असे पतीला वाटत होते. मी स्पष्ट नको म्हटले. तडजोडीने मिटवलेले खाते अहवालात सेटल्ड म्हणून दिसते, म्हणजे ऋणकोने पूर्ण पैसे दिलेले नाहीत असे पुढची प्रत्येक बँक त्यातून वाचते. ६,६०० रुपये वाचवण्यासाठी २४ लाखांच्या अर्जावर असा शेरा ओढवून घेण्यात शहाणपण नव्हते. त्यांनी पूर्ण रक्कम भरली, ना-देय दाखला घेतला आणि खाते बंद झाल्याची माहिती कंपनीकडून लेखी कळवून घेतली. जुनी दिरंगाई त्यामुळे पुसली जात नाही, कारण अहवालात मागील ३६ महिन्यांचा हप्त्यांचा इतिहास दिसतो. पण येणे बाकी आहे आणि येणे फिटले आहे यांत बँकेच्या दृष्टीने मोठा फरक असतो.

तिसरे खाते नाव आणि आडनाव सारखे असलेल्या दुसऱ्या बाईचे निघाले. अशा चुकीविरुद्ध पतमाहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ३० दिवसांत निवारण झाले नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे. इथे ती वेळ आली नाही. पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणारे लोक हीच फुकट तक्रार आपल्या नावाने करतात आणि खरी असलेली नोंद त्यांनाही काढता येत नाही, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

मधल्या काळात पतीने दुसरा पर्याय पुढे ठेवला: घर आत्ता माझ्या एकट्याच्या नावावर घेऊ, नंतर बक्षीसपत्राने अर्धा हिस्सा हिला देईन. कायद्याने ते शक्य आहे, आणि महाराष्ट्रात राहते घर पती-पत्नींमध्ये बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क नाममात्र २०० रुपये आहे. तरीही कर्ज चालू असेपर्यंत बँकेची संमती लागते, इतर आकार द्यावे लागतात, आणि एकदा राहायला गेल्यावर अशी कामे पुढे ढकलली जातात. पतीच्या हेतूविषयी मला शंका नव्हती. पण वीस वर्षांच्या कर्जात माणसाचे आजारपण, नोकरी, भावाभावांतले वाद, काहीही मध्ये येऊ शकते, म्हणून थांबण्यासारखी परिस्थिती असेल तर थांबून दोघांच्या नावे घ्यावे, असे माझे मत मी दिले. सदनिकेचा मालक ओळखीचा असल्यामुळे इथे थांबता आले.

साधारण सहा महिन्यांनी पत्नीचा गुणांक ६८० च्या पुढे गेला आणि दोघांनी मिळून एकाच बँकेत अर्ज केला. परतफेडीची क्षमता पतीच्या पगारावर धरली गेली. व्याजदर मात्र दोघांपैकी कमी असलेल्या गुणांकावरून ठरला: ८.५ ऐवजी ८.७५ टक्के. वीस वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे २०,८३० वरून २१,२१० रुपयांवर जात होता. महिन्याला ३८० रुपये, म्हणजे पूर्ण मुदतीत सुमारे ९१,००० रुपये. दुसऱ्या बाजूला, प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये ३५ लाखांपर्यंतच्या घराच्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर पात्र कुटुंबाला पाच हप्त्यांत जास्तीत जास्त १.८० लाखांचे व्याज अनुदान मिळते, आणि घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे असावे अशी तिथे अट आहे. हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी मांडल्यावर एजंटाच्या आठ दिवसांचा विषय पतीने पुन्हा काढला नाही.

ज्यांच्या घरात खराब गुणांक असलेल्याचाच पगार मोठा आहे आणि त्याशिवाय कर्जाची रक्कम पुरत नाही, त्यांना माझ्याकडे याहून सोपा मार्ग नाही. थकबाकी पूर्ण भरावी, वर्षभर सगळे हप्ते तारखेला जातील असे पाहावे, किंवा एका पगारात बसेल एवढेच लहान घर घ्यावे. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्यावर जात असेल तर बँक मान्य करो अथवा न करो, मी ते घर घेऊ नका असेच सांगते.

या जोडप्याच्या बाबतीत एक काम अजून बाकी आहे. पत्नीने मुदत ठेवीच्या तारणावर छोट्या मर्यादेचे क्रेडिट कार्ड घेतले आहे, त्यावर गणवेशाचा दोरा आणि बटणे तेवढी खरेदी करायची आणि बिल पूर्ण भरायचे असे ठरले आहे. गुणांक ७५० ओलांडला की पाव टक्का कमी करून मिळावा म्हणून बँकेला लेखी अर्ज द्यायचा आहे. बँकेने नकार दिला तर बदलत्या व्याजदराच्या घरकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नसल्यामुळे, नव्या बँकेचे शुल्क तपासून, कर्ज तिकडे नेण्याचा मार्ग त्यांना मोकळा आहे.